टक्स पेंटमधला चौरस

टक्स पेंट या मुलांसाठीच्या चित्रं काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चौरस काढायचा तर हाताला तीन गोष्टी कराव्या लागतात. डावीकडच्या साधनांतून आकारांचं साधन निवडलं की उजवीकडे आकारांच्या चौकटी येतात. त्यांतला चौरस घ्यायचा. पांढऱ्या पानावर हवं तिथे माऊसचं बटण दाबायचं आणि दाबलेलंच ठेवून ओढायचं. हात लांब जाईल तसतसा बारीक रेघांचा चौरस मोठा होतो, हात मागे घेतला की लहान होतो. बटण सोडलं की वाढ थांबते, पण काम संपत नाही. आता माऊस नुसता हलवला तरी चौरस स्वतःभोवती फिरू लागतो. कधी कलंडतो, कधी कोपऱ्यावर उभा राहतो, कधी पुन्हा सरळ बसतो. मनासारखा बसला की एकदा क्लिक करायचं, आणि निवडलेल्या रंगात तो पानावर उमटतो.

लहान मुलांना आकार आणि रंग शिकवणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. बहुतेकांची रीत एकच असते: चार आकार दाखवायचे, त्यांतला चौरस कोणता ते विचारायचं, उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवायच्या. टक्स पेंट काहीच विचारत नाही. ते मुलाच्या हातून चौरस करवून घेतं. मी पाहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये या वयाला आकाराची ओळख इतक्या नेमकेपणाने करून देणारं दुसरं नाही, आणि त्याचं बरंचसं श्रेय या दाबण्या-ओढण्या-फिरवण्याला आहे.

फिरवण्याचंच बघा. सरळ बसलेला चौरस मुलं लगेच ओळखतात. तोच कोपऱ्यावर उभा केला की तो त्यांच्या लेखी चौरस राहत नाही. आपल्याकडे तो शंकरपाळा होतो. याला कारण आपणच आहोत. तक्त्यांवर, पुस्तकांत, लाकडी खेळण्यांवर आपण चौरस नेहमी एकाच बैठकीत दाखवतो, त्यामुळे मुलाच्या मनात बैठक आणि आकार यांची गाठ बसते. मोठ्या माणसाने कितीही सांगितलं तरी ती सुटत नाही, कारण डोळ्यांना दिसतं ते वेगळंच असतं. टक्स पेंटमध्ये चौरसाचा शंकरपाळा मुलाच्या स्वतःच्या हाताखाली होतो, आणि हात थोडा पुढे नेला की शंकरपाळ्याचा पुन्हा चौरस होतो. मधला कुठलाही क्षण लपलेला नाही, एकही टप्पा गाळलेला नाही. एका मुलीला मी हे करताना पाहिलं आहे. तिने चौरस ओढला, बटण सोडलं, तो फिरायला लागला तशी दचकली. मग माऊस सावकाश गोल गोल हलवत राहिली. क्लिक करायची तिला घाईच नव्हती. बऱ्याच वेळाने तिने शेजारी बसलेल्या आजीला विचारलं, “हा तोच आहे ना?” माझ्या दृष्टीने भूमितीतला हा फार मोठा प्रश्न आहे, आणि तो तिच्या तोंडून आपणहून आला होता.

आता याच साधनातलं वर्तुळ घ्या. ते दाबलं, ओढलं, सोडलं की लगेच उमटतं. फिरवण्याची पायरी वर्तुळाला दिलेलीच नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे साधं शहाणपण आहे: वर्तुळ फिरवून काही दिसणारच नसेल तर मुलाला ताटकळत कशाला ठेवायचं? पण वापरणाऱ्याच्या हाताला त्यातून एक फरक कळतो. चौरस, त्रिकोण, पंचकोन, चांदणी हे सगळे सोडल्यावरही हातात घोळत राहतात. वर्तुळ तेवढं सोडताक्षणी स्थिर होतं. कितीही वळवलं तरी जे बदलत नाही ते वर्तुळ, हे वाक्य मुलाला बोलता येणार नाही, पण हाताला ते ठाऊक झालेलं असतं.

इथे मला फ्रोबेलची आठवण होते. फ्रीडरिश फ्रोबेलने 1837 मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली आणि त्यांच्या हाती द्यायच्या वस्तूंचे क्रमवार संच तयार केले. त्या संचांना त्याने ‘भेटी’ म्हटलं. पहिल्या भेटीत लोकरीचे सहा रंगांचे चेंडू, दुसऱ्या भेटीत लाकडी गोल, घन आणि दंडगोल. दुसऱ्या भेटीतल्या वस्तू दोरीने टांगून गरगर फिरवायच्या असत. घन वेगाने फिरला की त्याच्या जागी दंडगोल दिसू लागतो. गोल मात्र फिरवला तरी गोलच दिसतो. वस्तू फिरवून तिचा स्वभाव ओळखायचा, ही बालशिक्षणातली जुनी आणि खोल कल्पना आहे. टक्स पेंट करणाऱ्यांच्या मनात फ्रोबेल होता असा माझा दावा नाही. वर्तुळाला फिरवण्यातून वगळताना ते त्याच जागी येऊन पोचले, एवढं मात्र खरं.

आकार निवडला की पडद्याच्या तळाशी असलेला पेंग्विन त्याविषयी एक वाक्य सांगतो. या वाक्यांवर ज्याने कुणी विचार केला त्याचं मला कौतुक वाटतं. चौरसाविषयी तो सांगतो की हा चारही बाजू सारख्या असलेला आयत आहे. लंबवर्तुळाविषयी सांगतो की हे ताणलेलं वर्तुळ आहे. वर्तुळाविषयी सांगतो की या वक्ररेषेवरचा प्रत्येक बिंदू मध्यापासून सारख्याच अंतरावर असतो. तीन वर्षांच्या मुलासाठी केलेल्या वस्तूत अशी गणिती सचोटी क्वचित दिसते. बाजारातल्या आकार बसवायच्या डब्यात चौरसाचं भोक वेगळं, आयताचं वेगळं. त्या डब्यावर वाढलेलं मूल चौरस आणि आयत या दोन वेगळ्या जाती आहेत असंच धरून चालतं, आणि पुढे शाळेत प्रत्येक चौरस हा आयत असतो असं बाईंनी सांगितलं की गोंधळतं. टक्स पेंट तो गोंधळ पेरतच नाही.

वाक्यात सांगितलेलं हाताला पटतंही. आयत ओढताना तो आडवा लांबवता येतो, उभा ताणता येतो, हात नेईल तसा होतो. चौरस तसं करू देत नाही. हात कुठेही नेला तरी त्याच्या बाजू बरोबरीनेच वाढतात. आणि आयत ओढता ओढता एखाद्या क्षणी तो चौरसासारखा होऊन पुढे जातो. नव्या आवृत्त्यांत तर लांबी-रुंदीचं गुणोत्तर तळाशी आकड्यांत दिसत राहतं. त्या क्षणी तिथे 1:1 येतं. आकडे मुलाला वाचता येत नसतील, पण आयताच्या वाटेवर चौरस नावाचं एक ठिकाण आहे हे त्याने पाहिलेलं असतं. लंबवर्तुळाचंही तसंच. ‘ताणलेलं वर्तुळ’ हे वर्णन ज्याने ते नुकतंच हाताने ताणलं आहे त्याला शब्दशः खरं वाटतं.

मराठी वाचकाला इथे माँटेसोरींच्या भौमितिक खाच्यांची आठवण होणं स्वाभाविक आहे. 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत मारिया माँटेसोरींनी सुरू केलेल्या बालगृहातून जी साधनं जगभर गेली, त्यांतलीच ही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी ती आपल्या बालवाड्यांच्या परंपरेत आणली. बोर्डी-कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, खडे अशा भोवतालच्या वस्तूंमधून तीच तत्त्वं गरिबाच्या अंगणापर्यंत पोचवली. माँटेसोरींच्या साधनाचं मर्म असं की चूक साधनच दाखवतं, शिक्षकाला बोलावं लागत नाही. त्रिकोण चौरसाच्या खाच्यात बसत नाही, विषय संपला. टक्स पेंटमध्ये चुकण्याजोगं काही ठेवलेलंच नाही, त्यामुळे ते त्या परंपरेत पूर्ण बसत नाही. पण एका ठिकाणी ते अगदी माँटेसोरींच्या पद्धतीने चूक दाखवतं. ते ठिकाण म्हणजे रंग भरण्याचं साधन.

प्रत्येक आकार इथे दोन रूपांत मिळतो, नुसत्या कडेचा आणि आतून भरलेला. शिवाय हाताने काढलेल्या आकृतीत रंग ओतण्याचं वेगळं साधन आहे. मूल ब्रशने एक वाकडंतिकडं घर काढतं आणि त्यात पिवळा ओततं. भिंतीची रेघ पुरती जुळलेली असेल तर घर पिवळं होतं. कुठे एवढीशी फट राहिली असेल तर रंग तिथून बाहेर पडतो आणि सगळं पान पिवळं होऊन जातं. मुलं आधी हसतात. मग पुन्हा मागे जाण्याचं बटण दाबतात, फट शोधतात, ती बुजवतात आणि परत रंग ओततात. आत आणि बाहेर, बंद आणि उघडं, हा भेद मुलाला चौरस-वर्तुळाच्या भेदाआधी कळतो असं बालमानसशास्त्रज्ञ प्याजे आणि इनेल्डर यांनी अवकाशाच्या आकलनावरच्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं. त्यांच्या मांडणीवर पुढे बरेच आक्षेप आले. तरी रंग सांडल्यावर फटीचा शोध घेणारं मूल पाहिलं की त्यांनी कशाकडे बोट दाखवलं होतं ते समजतं.

टक्स पेंटची सुरुवात 2002 मध्ये अमेरिकेतल्या बिल केंड्रिक यांनी केली. लिनक्सवर लहान मुलांना चालेल असं चित्रं काढण्याचं सॉफ्टवेअर नव्हतं, म्हणून. नावातला टक्स म्हणजे लॅरी इविंग यांनी 1996 मध्ये काढलेला लिनक्सचा पेंग्विन. त्याआधीची एक पिढी म्हणजे किड पिक्स. क्रेग हिकमन यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलाला मॅकवरच्या मॅकपेंट या चित्रांच्या सॉफ्टवेअरशी झटताना पाहिलं. चित्र काढणं त्याला जमत होतं, पण हात चुकून वरच्या याद्यांवर जाई आणि सगळं अडे. त्याच्यासाठी त्यांनी किड पिक्स लिहिलं, 1989 मध्ये फुकट वाटलं, आणि 1991 मध्ये ब्रोडरबुंड कंपनीने ते बाजारात आणलं. मुलाचा हात कुठे अडतो ते पाहायचं आणि तो अडसर काढायचा, ही शिस्त टक्स पेंटनेही पाळली. आज ते विंडोज, मॅक, अँड्रॉइड सगळीकडे चालतं, मुक्त परवान्याखाली आहे, पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत. आवृत्तीचा आकडा वीसहून अधिक वर्षांनंतरही शून्य दशांश नऊच्या पुढेच काही आकडे लावत चालला आहे, आणि मला त्यात त्या लोकांची विनम्रता दिसते.

रंगांकडे येऊ. जीकॉम्प्री हे मुलांसाठीचं दुसरं मुक्त सॉफ्टवेअर 2000 मध्ये ब्रुनो कुदॉं यांनी सुरू केलं. त्यात रंगांचा एक खेळ आहे. निरनिराळ्या रंगांची बदकं पडद्यावर असतात, आवाज रंगाचं नाव सांगतो, मुलाने त्या रंगाच्या बदकावर क्लिक करायचं. खेळ गोड आहे, नाव आणि रंग यांची जोडी त्याने पक्की होते. पण तो परीक्षा घेतो. टक्स पेंटमध्ये रंगांची पट्टी पानाखाली कायम पसरलेली असते. लालवर क्लिक केलं की पेंग्विन आनंदाने लाल रंगाचं नाव घेतो, आणि तेवढ्यावर थांबतो. पुढचं मुलाचं.

आणि पुढचंच महत्त्वाचं आहे. एकदा घेतलेला लाल हाताला चिकटून राहतो. ब्रश सोडून रेघेचं साधन घेतलं तरी तोच लाल, त्रिकोण घेतला तरी तोच, अक्षरं लिहायला घेतली तरी तोच. तक्त्यावरचा लाल हा कायम सफरचंदाचा किंवा टोमॅटोचा असतो; मुलाला तो त्या फळातून सोडवून घ्यावा लागतो. इथे लाल सुरुवातीपासूनच मोकळा आहे, ज्याला लावाल त्याला लागतो. याहून बारीक गोष्ट अशी की जिथे रंगाचा उपयोग नाही तिथे पट्टी स्वतःच फिकी पडते. खोडरबर घेतलं की रंग निवडता येत नाहीत. पानावर तयार चित्रं उमटवायचे शिक्केही इथे आहेत; त्यांतल्या फोटोसारख्या काहींनाही रंग बदलून मिळत नाही. रंग हा कुणाचा गुण असू शकतो आणि कुणाचा नाही, याचं उत्तर एक अक्षर न बोलता दिलेलं असतं.

नव्या आवृत्त्यांत रंग मिसळण्याची सोयही आली, आणि तिथे एक निर्णय मला फार आवडतो. पडद्याचे मूळ रंग लाल, हिरवा आणि निळा. पण मिसळायला दिलेले रंग आहेत लाल, पिवळा आणि निळा, जोडीला पांढरा, करडा आणि काळा. म्हणजे यंत्राचं गणित बाजूला ठेवून मुलाच्या रंगपेटीतलं गणित घेतलं. पिवळ्यात निळा घातला की हिरवा व्हायलाच हवा, कारण काल वाटीतल्या पाण्यात तो तसाच झाला होता.

पानावर तऱ्हेतऱ्हेचे परिणाम करणाऱ्या ‘जादू’च्या साधनांपैकी बरीचशी मी इथे सोडून देतो. ती इतकी वाढली आहेत की लहान मूल त्यांतच हरवतं आणि पानावर फक्त परिणामांचा ढीग उरतो. विटा, थेंब, धूसर करणं, उलटं करणं यांची मजा आहे, पण ती मजा यंत्राची जास्त, मुलाची कमी. एकाच साधनाला अपवाद करायला हवा, ते म्हणजे गवत. पानाच्या तळाशी गवत काढलं तर पाती मोठी येतात. हात वर नेत गेलं की पाती लहान लहान होत जातात. एवढंच. मूल खालून वर हात फिरवतं आणि सपाट पानाला एकाएकी खोली येते, जवळचं शेत आणि लांबचा माळ वेगळे दिसू लागतात. यथार्थदर्शनाचा हा नियम समजावून घ्यायला चित्रकारांना शतकं लागली. इथे तो एका हालचालीत मुलाच्या अंगवळणी पडतो. वर आणि लांब यांचा संबंध त्याला कुणी सांगितलेला नसतो.

टक्स पेंटचं बाकी मोठेपण आहे ते नाकारण्यात. चित्र ठेवायचं तर नाव विचारत नाही, फोल्डर दाखवत नाही. वाचता न येणाऱ्या मुलाला फाईलचं नाव विचारण्यात अर्थच नाही हे ओळखून ते तारीख-वेळेचं नाव आपणच देतं, आणि पुन्हा उघडताना चित्रांची छोटी रूपं मांडून ठेवतं. माऊसची सगळी बटणं सारखंच काम करतात, कारण तीन वर्षांचं बोट नेमकं कोणत्या बटणावर पडेल याचा भरवसा नसतो. बाहेर पडताना खरंच जायचं आहे का असं ते विचारतं, आणि ठेवलेलं चित्र पुढच्या वेळी उघडल्यावर तिथेच हजर असतं. वर्गात छपाईयंत्र असेल तर दोन छपायांमध्ये किती वेळ जायला हवा ते शिक्षक ठरवू शकतात. हे सुचायला मुलांनी भरलेल्या खोलीत बसलेलं असावं लागतं, कारण छापायचं बटण सापडलेलं मूल थांबत नाही. आवाजाकडेही लक्ष द्या. ब्रशचा आवाज पानाच्या डाव्या बाजूला असताना डाव्या स्पीकरमधून जास्त येतो आणि हात उजवीकडे गेला की आवाजही उजवीकडे सरकतो. दिशा कानालाही कळते.

उणं आहे ते पेंग्विनच्या वाक्यांत. ती सुंदर आहेत, पण लिहिलेली आहेत. चौरस हा एक आयत आहे हे ज्या मुलासाठी सांगायचं त्याला ते वाचता येत नाही. शिक्क्यांपैकी अनेकांना आवाज आहेत, आकारांच्या या ओळी मात्र मुक्या आहेत. त्यामुळे शेजारी मोठं माणूस बसलेलं असेल तरच हे सॉफ्टवेअर पूर्ण उलगडतं. कुणी बसलं तर ते चांगलंच, पण दुपारी एकटं खेळणारं मूल त्या ओळींना मुकतं. टक्स पेंट मराठीत आहे, कोकणीत देवनागरी आणि रोमी अशा दोन्ही लिप्यांत आहे. अनुवाद स्वयंसेवकांचे आहेत आणि ते सुधारायला कुणालाही मुभा आहे. आकारांची ती मोजकी वाक्यं एखाद्या आजोबांच्या किंवा बालवाडीच्या ताईंच्या आवाजात ऐकू आली, तर मला नव्या पन्नास जादूंपेक्षा ती अधिक मोलाची वाटतील.

दुसरी अडचण अगदी धाकट्यांची. टक्स पेंट तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे असं ते करणारे सांगतात, पण तिशीतल्या आईच्या हातापेक्षा तीन वर्षांच्या हाताला बटण दाबून धरणं कितीतरी अवघड जातं. त्यातच सोडल्यावर आकार फिरू लागला की काही मुलं घाबरतात, भलतीकडे क्लिक होतं, आणि चौरस तिरकाच उमटतो. त्यासाठी मोठ्यांच्या मांडणीत साध्या आकारांचा पर्याय आहे. तो लावला की फिरवण्याची पायरी गळते आणि सोडताक्षणी आकार उमटतो, वर्तुळासारखा. सुरुवातीला तो लावून द्यावा, त्यात कमीपणा काही नाही. बोटं माऊसला सरावू द्यावीत, पान चौरसांनी भरू द्यावं. मूल कागदावर काढताना वहीच फिरवून बघायला लागलं, किंवा शंकरपाळा कसा काढायचा असं विचारत आलं, की तो पर्याय काढून टाकावा आणि फिरणारा चौरस त्याच्या हाती द्यावा.